बरी एफसी बुडाला कसा आणि परत आला कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीची, म्हणजे इंग्लंडमधल्या बरी एफसी या फुटबॉल क्लबची, मॅच बघतो म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग तेच तेच प्रश्न येतात. दरवेळी तेच टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतोय. जसं सुचेल तसं लिहिलंय, सांभाळून घ्या.

बरी म्हणजे नक्की कुठे, आणि नाव असं काय?

मँचेस्टरच्या उत्तरेला, ट्रामने जाता येईल एवढ्या अंतरावरचं गाव. पूर्वी कापड गिरण्यांचं, आता बाजारासाठी फेमस. क्लब १८८५ चा आणि ग्राउंड गिग लेन, तेही १८८५ पासून तेच. नावावरचे जोक सगळे करून झालेत, "बरी आहे का टीम?" वगैरे, २०१९ मध्ये तर अजिबात बरी नव्हती, असो. टीमचं टोपणनाव शेकर्स. १८९२ मध्ये कुठल्याशा फायनलच्या आधी चेअरमन बोलून गेले की आपण त्यांना चांगलं हलवून सोडू, हलवणारे आपणच, तिथून ते चिकटलं ते चिकटलंच.

एवढ्या छोट्या क्लबबद्दल पुण्यातल्या माणसाला काय पडलंय?

भायचुंग भुतिया. एका शब्दात उत्तर.

१९९९ मध्ये भुतिया बरीकडे गेला, युरोपातल्या क्लबशी करार करणारा पहिला भारतीय म्हणून पेपरात फोटो आले होते. तेव्हा आम्हाला प्रीमियर लीग आणि बाकीच्या लीग यातला फरक पण नीट कळत नव्हता, इंग्लंडमध्ये खेळतो म्हणजे मँचेस्टर युनायटेडशी खेळत असेल असंच वाटायचं. बरी होती तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये. तो तीन सीझन तिथे होता, लीगमध्ये ३७ मॅच, ३ गोल. आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत, दुखापतीही झाल्या, पण रविवारी पेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात बरीचा रिझल्ट शोधायची सवय लागली ती गेली नाही.

आणि गंमत बघा, भुतिया होता तेव्हाच क्लबची एकदा वाट लागली होती. २००२ मध्ये बरी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली होती, म्हणजे कर्ज फेडता येत नाही म्हणून कारभार बाहेरच्या माणसाच्या हातात. तेव्हा चाहत्यांनी बादल्या फिरवून पैसे गोळा केले आणि क्लब वाचला. त्यामुळे २०१९ मध्ये बऱ्याच लोकांना वाटलं की होईल काहीतरी, मागच्या वेळी झालं तसं. नाही झालं.

क्लबचा काही इतिहास आहे का, की नुसताच जुना?

एफए कप, म्हणजे इंग्लंडची मोठी नॉकआउट स्पर्धा, दोनदा जिंकलाय. १९०० मध्ये साउदॅम्प्टनला ४-० आणि १९०३ मध्ये डर्बी काउंटीला ६-०, आणि त्या १९०३ च्या कपात बरीने एकही गोल खाल्ला नव्हता, अख्ख्या स्पर्धेत. फायनलमधला ६-० हा रेकॉर्ड शंभर वर्षांच्या वर कोणाला गाठता आला नाही. मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला ६-० हरवून बरोबरी केली ती मे २०१९ मध्ये. म्हणजे रेकॉर्डला वाटेकरी मिळाला आणि तीन महिन्यांत क्लबच लीगमधून गेला. असं कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर म्हटलं असतं जरा जास्तच होतंय.

शिवाय सिटीचा कॉलिन बेल हा मूळचा बरीतूनच वर आलेला. गॅरी आणि फिल नेव्हिलची आई क्लबची सेक्रेटरी होती, वडीलही क्लबच्या कामात होते, एका स्टँडला त्यांचं नाव आहे. नेव्हिल नेव्हिल. हो, नाव आडनाव एकच.

मग बुडाला कशामुळे? हरत होते का?

नाही ना! हेच तर लोकांना पटत नाही. २०१८-१९ मध्ये लीग टू (चौथी पायरी) मध्ये दुसऱ्या नंबरवर येऊन बरी वर गेली, लीग वन (तिसरी पायरी) मध्ये. रायन लो मॅनेजर होता, टीम गोल वर गोल मारत होती. आणि त्याच वेळी प्लेअर्सना पगार मिळत नव्हता. मैदानात प्रमोशन आणि ऑफिसात पगाराची बोंब, दोन्ही एकाच महिन्यात.

गोष्ट मागे २०१३ पासून सुरू होते. स्टुअर्ट डे नावाच्या बांधकाम व्यवसायातल्या माणसाने क्लब घेतला आणि पैसा ओतला, प्लेअर्सचे पगार मॅचला चारेक हजार लोक येणाऱ्या क्लबला झेपणार नाहीत असे. मिळकत एवढीशी, खर्च एवढा, मधली दरी मालक भरणार. हे मॉडेल खालच्या लीगमध्ये सगळीकडे चालतं, आणि मालकाचा खिसा भरलेला आहे तोपर्यंतच चालतं. ग्राउंड गहाण पडलं. पार्किंगमधल्या गाड्या लावायच्या जागा सुद्धा गुंतवणूकदारांना विकल्या होत्या, खोटं नाही सांगत, पार्किंगच्या जागा. मग डेच्या स्वतःच्या कंपन्या अडचणीत आल्या आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्याने क्लब स्टीव्ह डेलला विकला.

किती पाउंडला? एक.

एक पाउंड म्हणजे खरंच एक पाउंड?

खरंच एक. कारण विकत घेणारा क्लब घेत नाही, क्लबची देणी घेतो. आपल्याकडे गाडी फुकट दे पण हप्ते तू भर म्हणतात तसं. प्रश्न एवढाच की हप्ते भरायची ऐपत आहे का हे कोणी बघितलं? लीगची मालकांसाठी टेस्ट असते, पण पैसे कुठून आणणार याचा पक्का पुरावा हातात यायच्या आधीच व्यवहार होऊन गेला होता. डेलने नंतर रेडिओवर सांगितलं की बरी नावाचा फुटबॉल क्लब आहे हेच आपल्याला माहीत नव्हतं. ज्या गावात आजोबा-वडील-मुलगा एकाच जागेवर बसून मॅच बघतात त्या गावाला हे ऐकून काय वाटलं असेल ते सोडून द्या.

माझं मत विचाराल तर डेलला एकट्याला शिव्या देणं सोपं आहे आणि बरेच जण तेवढ्यावरच थांबतात. खड्डा आधीच खणलेला होता. त्याने तो बुजवला नाही हे खरं, पण खणताना टाळ्या वाजवणारे आपणच असतो, नवा स्ट्रायकर आला की कोण विचारतं पैसे कुठून आले.

२७ ऑगस्ट २०१९ ला काय झालं?

त्याआधी थोडं. जुलैमध्ये देणेकऱ्यांशी तडजोड झाली, त्याला तिकडे सीव्हीए म्हणतात, साधी भाषा म्हणजे रुपयाला चार आणे घ्या आणि विषय संपवा. खरंच प्रमाण तेवढंच होतं, पाउंडामागे २५ पेन्स. प्लेअर्स आणि दुसऱ्या क्लब्सची देणी मात्र पूर्ण द्यावी लागतात, लीगचा तसा नियम आहे, म्हणजे गावातला केटरर किंवा छपाईवाला चार आण्यावर आणि फुटबॉलवाले पूर्ण सोळा आणे. (हा नियम मला कधीच पटला नाही.) तडजोड केली म्हणून १२ पॉइंट कापले, सीझन सुरू व्हायच्या आधीच मायनस बारा.

आणि तरी पैसे कुठून येणार हे लीगला डेल दाखवू शकला नाही. एकेक करून मॅच पुढे ढकलल्या, बाकीच्या टीम खेळतायत आणि बरी नुसती टेबलच्या तळाला. मग शेवटची मुदत. एक कंपनी विकत घ्यायला पुढे आली आणि हिशोब बघून २७ तारखेला मागे फिरली. त्याच दिवशी सकाळी शेकडो लोक झाडू, फडकी, रंग घेऊन ग्राउंडवर आले होते, का तर वीकेंडला मॅच होईल, स्टँड घाण नको. कोणी सीटा पुसतंय, कोणी गवत उपटतंय. क्लबच्या एका माजी संचालिकेने त्याआधी स्वतःला ग्राउंडबाहेरच्या पाइपला बेडी घालून घेतली होती. आणि रात्री बातमी आली, बरी ईएफएलमधून (प्रीमियर लीगच्या खालच्या तीन पायऱ्यांची लीग) बाहेर. १८९४ पासून लीगमध्ये होते. १२५ वर्षं.

साफ केलेल्या सीटा तशाच राहिल्या, जवळजवळ चार वर्षं.

बोल्टन वाचला ना मग? बरीच का नाही?

बोल्टन वाँडरर्स, शेजारचं गाव, त्याच आठवड्यात तशाच गाळात. त्यांना खरेदीदार मिळाला, दुसऱ्या दिवशी व्यवहार पूर्ण झाला, वाचले. बोल्टनचं नाव मोठं, प्रीमियर लीगमध्ये खेळलेले, त्यामुळे घेणाऱ्याला काहीतरी दिसत होतं. बरीत नुसतं गहाण ग्राउंड. एवढाच फरक. न्याय वगैरे शोधू नका यात.

परत आला म्हणजे तोच क्लब आला की नवीन?

हा खरा प्रश्न आणि यावर माणसं चार वर्षं भांडली. सख्खी भावंडं, एकाच स्टँडमधली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की चाहत्यांनी एकत्र येऊन क्लब उभा केला, किती छान. हो, पण एकत्र यायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. पैसा त्यामानाने लवकर जमला म्हणायचा.

झालं असं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये काही चाहत्यांनी बरी एएफसी नावाचा नवा क्लब काढला. एक सभासद एक मत, कोणी मालक नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, कंपनी मेली तर मेली, आपण जिवंत आहोत ना, चला खेळायला लागू. शेजारच्या रॅडक्लिफ क्लबचं ग्राउंड भाड्याने घेतलं आणि दहाव्या पायरीपासून सुरुवात केली. पहिला सीझन करोनात अर्धवट गेला, २०२१-२२ मध्ये आपली डिव्हिजन जिंकून वर गेले.

दुसरी बाजू म्हणत होती की गिग लेन नाही, १८८५ नाही, तर बरी कसली? आज नवीन नावाने सुरू केलंत तर उद्या ग्राउंडवर फ्लॅट बांधायला बिल्डर मोकळा. आधी ग्राउंड सोडवा, नाव सोडवा, मग खेळा. ते वाट बघत थांबले आणि पैसे उभे करत राहिले.

दोघांचं बरोबर होतं, हीच पंचाईत. आपल्याकडे वाड्याच्या वाटणीत होतं ना तसं, एक भाऊ म्हणतो पडका वाडा सोडा नवीन घर बांधू, दुसरा म्हणतो देवघर इथे आहे, मी हलणार नाही. मी स्वतः सुरुवातीला पहिल्या गटाच्या बाजूने होतो. आता मागे वळून बघताना वाटतं दुसरे अडून बसले नसते तर गिग लेन गेलीच असती, आणि पहिले खेळत राहिले नसते तर परत यायला टीमच नसती.

ग्राउंड परत कसं मिळालं?

जुनी कंपनी नोव्हेंबर २०२० मध्ये ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली, त्यामुळे ग्राउंड विकायला निघालं. एस्ट १८८५ नावाच्या चाहत्यांच्या गटाने ते फेब्रुवारी २०२२ मध्ये घेतलं, ग्राउंडबरोबर क्लबचं नाव आणि जुन्या वस्तूही. पैसे तीन ठिकाणचे, ब्रिटिश सरकारचा तेव्हा एक फंड होता गावकऱ्यांनी गावातल्या जागा विकत घ्याव्या म्हणून, त्यातले १० लाख पाउंड, मग चाहत्यांच्या देणग्या, आणि अमेरिकेतला एक दाता ज्याचा जीव या क्लबवर जडलाय. मला या सगळ्यात त्या सरकारी फंडाचं फार कौतुक वाटतं. पब, हॉल, दुकान आणि फुटबॉल ग्राउंड एकाच यादीत, गाव टिकायला जे लागतं ते.

मग लगेच एक झाले?

कुठले! ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान झालं. नव्या क्लबच्या सभासदांनी भरभरून हो म्हटलं. ग्राउंडवाल्या गटाच्या सोसायटीतही (चाहत्यांची सभासद संस्था) जास्त मतं होच्याच बाजूने पडली, पण नियमाने लागत होती साधारण दोन तृतीयांश आणि ती थोडक्यात हुकली. म्हणजे एकीकडे ग्राउंड आहे टीम नाही, दुसरीकडे टीम आहे ग्राउंड नाही, मध्ये काही किलोमीटर, आणि वर कौन्सिल म्हणतंय आधी एक व्हा मग मदतीचं बघू. त्या दिवशी वाटलं की संपलं आता, आपल्याच माणसांनी संपवलं.

मग परत बैठका, परत समजावणं, काही पदाधिकारी बदलले, आणि मे २०२३ मध्ये दुसऱ्यांदा मतदान. या वेळी दोन्हीकडे पास. नाव ठरलं बरी एफसी, त्याला फुटबॉल असोसिएशननेही हो म्हटलं, आणि त्याच उन्हाळ्यात गिग लेनवर परत बॉल लागला. नवव्या पायरीवरच्या लीगमध्ये. जिथे समोरच्या टीमचा गोलकीपर सोमवारी कामावर जातो.

सध्या कुठे आहेत?

२०२४-२५ मध्ये नॉर्थ वेस्ट काउंटीज प्रीमियर डिव्हिजन जिंकून आठव्या पायरीवर गेले, नॉर्दर्न प्रीमियर लीग डिव्हिजन वन वेस्ट. शेवटच्या दिवशी गिग लेनवर आठ हजारांच्या वर लोक होते. नवव्या पायरीला! लीग टूच्या कित्येक क्लबना एवढी गर्दी बघायला मिळत नाही.

आठव्यावरून ईएफएलमध्ये परत यायचं तर अजून चार प्रमोशन. घाई नको म्हणतो मी, पण माझं कोण ऐकतंय, गर्दी वाढली की परत "यंदा दोन भारी प्लेअर घ्या" सुरू होतंच. सभासदांचाच क्लब असल्यामुळे एक मात्र बरं, हिशोब दाखवावा लागतो आणि मागायला लोक उभे असतात.

याने बाकीच्या क्लबना काही फरक पडला का?

पडला, उशिरा. बरी गेल्यावर बरीच चर्चा झाली, मग २०२१ मध्ये युरोपातल्या मोठ्या क्लबांनी सुपर लीगचा, म्हणजे आपापली वेगळी लीग काढायचा घाट घातला आणि सरकार खडबडून जागं झालं, ट्रेसी क्राउच यांनी चाहत्यांना धरून एक आढावा घेतला, आणि शेवटी २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट झाला. आता स्वतंत्र नियामक आहे, मालक कोण आणि पैसा कुठला हे बघायला. मधल्या काळात मॅकल्सफिल्ड टाउन पण बुडाला, २०२०. तोही नव्या नावाने परत आला, पण तिथे एका व्यावसायिकाने मालमत्ता घेऊन नवा क्लब काढला. मार्ग वेगळा.

हे फक्त इंग्लंडमध्येच होतं का?

नाही हो. इटलीत फिओरेंटिना २००२ मध्ये दिवाळखोर होऊन वेगळ्या नावाने चौथ्या पायरीवरून सुरू झाली, नापोली २००४ मध्ये तिसऱ्यावरून. मोठी शहरं, मोठे पैसेवाले, त्यामुळे काही वर्षांत परत वर. ॲक्रिंग्टन स्टॅनली मात्र वेगळं प्रकरण, १९६२ मध्ये गेले ते लीगमध्ये परत यायला २००६ उजाडलं. बरीवाले वैतागले की त्यांना हे सांगायचं.

आणि आपल्याकडे?

हे लिहायचं टाळत होतो.

त्याच ऑगस्ट २०१९ मध्ये, बरी गेली त्याच महिन्यात, आमचा एफसी पुणे सिटीही गेला. पैशाची अडचण, आणि फ्रँचायझीची जागा हैदराबादला. बालेवाडीत मॅच बघायला जाणारे आम्ही, एका बातमीत विषय संपला. हैदराबादने २०२१-२२ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकली सुद्धा, फातोर्ड्याला, पेनल्टीवर, ती मॅच बघताना माझं मलाच कळत नव्हतं कोणाला सपोर्ट करू. त्याआधी पुणे एफसी, त्याआधी २०१० मध्ये मुंबईचा महिंद्र युनायटेड, नॅशनल लीग जिंकलेली टीम, कंपनीने ठरवलं आणि बंद.

आम्ही का नाही उभं केलं काही? मला वाटतं आमच्याकडे सोडवायला गिग लेन नव्हती. ग्राउंड सरकारी, नाव कंपनीचं, आणि क्लबचं वय पाच वर्षं. भांडायचं तरी कशावरून? कोल्हापूरचं वेगळं आहे, तिथे तालीम पेठेची असते, पाटाकडील किंवा खंडोबा तालीम कोणी एक पाउंडला विकतो म्हटलं तर शाहू स्टेडियमपर्यंत जिवंत पोचणार नाही तो माणूस. (गंमत करतोय. थोडी.)

मला इथून सभासद होता येतं का?

सोसायटीची मेंबरशिप असते, वर्षाची फी भरायची, मत एकच मिळतं, शंभर पाउंड दिले तरी एकच. किती आणि कसं ते क्लबच्या साइटवर बघा, दर बदलतात. नफा मिळेल का असं एकाने विचारलं होतं. नाही.

मॅच बघायला जायचं असेल तर?

मँचेस्टर व्हिक्टोरियावरून बरीची पिवळी ट्राम पकडायची, शेवटचा स्टॉप, तिथून चालत. या लीगमध्ये तिकिटाची मारामारी नसते, मुलाखतीला आलेला भाचा असो की ऑफिसच्या कामाला आलेला मित्र, मी सगळ्यांना हेच सांगतो की युनायटेडच्या तिकिटाला घालवणार त्यात तुझा अख्खा दिवस निघेल. आधी बाजारात एक चक्कर मारा. ब्लॅक पुडिंग म्हणून जे काय विकतात ते डुकराच्या रक्ताचं असतं, ते माहीत असूनच खा, मागच्या वेळी एका काकांनी चॉकलेटचं समजून घेतलं होतं.

आणि स्टँडमध्ये शेजारी म्हातारं कोणी बसलं असेल तर इंडियातून आलो एवढंच म्हणा. भुतियाचं नाव समोरून येतं.